आधार सुटला की शब्द बदलतो

खाली झुकलेल्या, सैलावलेल्या आणि लोंबत्या वस्तूंसाठी इंग्रजीत शब्दांची रेलचेल आहे. सॅग, ड्रूप, विल्ट, फ्लॅग, स्लंप, डँगल, हँग, फ्लॉप ही क्रियापदे झाली. विशेषणांत लिंप, फ्लॅसिड, फ्लॅबी, स्लॅक, पेंड्युलस, लॉप. मराठी वाचकाची ह्यांच्याशी गाठ बहुधा कोशात पडते, आणि तिथे थोड्याफार फरकाने प्रत्येकापुढे तीच चार क्रियापदे दिसतात: लोंबणे, लटकणे, वाकणे, सुकणे. त्यामुळे हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत आणि कानाला बरा वाटेल तो वापरावा, असा समज होतो. हा समज मुळातून चुकीचा आहे. वस्तू कशी दिसते एवढेच हे शब्द सांगत नाहीत. ती आजवर कशाच्या बळावर उभी होती आणि ते बळ कसे गेले, ह्याबद्दलचे एक अनुमान त्यांच्यात आधीच भरलेले असते.

पीटर मार्क रॉजे हा पेशाने वैद्य. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दसंग्रहात त्याने इंग्रजी शब्दांची अक्षरानुक्रमाऐवजी अर्थानुसार हजार विषयांत मांडणी केली. त्यात ‘लोंबणे’ हा विषय आणि ‘आधार’ हा विषय एकमेकांना लागून आहेत. ही जोडी अचूक आहे, कारण आधाराचा विचार केल्याशिवाय लोंबण्याचे वर्गीकरण करताच येत नाही. रॉजेने विषय शेजारी ठेवले, पण विषयाच्या आत शब्द नुसते ओळीने मांडले. त्या ओळीतले भेद वाचकाने आपल्या अनुभवातून ओळखायचे. इंग्रजी घरात वाढलेल्याला ते जमते. आपल्याला ते तपासून घ्यावे लागतात.

तपासायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. वस्तू बाहेरच्या आधारावर होती की आतल्या ताठपणावर? ती कुठे बांधलेली आहे: दोन टोकांना, एका टोकाला की बुडाशी? खाली येताना तिचा स्वतःचा पोत बदलला की नुसता आकार? आणि ती परत वर येऊ शकते का? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक ठिकाणी शब्द आपोआप ठरतो.

दोन टोके आणि मधला झोळ

सॅग हा ह्यांतला सर्वांत काटेकोर शब्द. मध्ययुगीन इंग्रजीत तो आला आणि उत्तर जर्मनीतल्या, गाळ तळाला बसणे अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. ह्या शब्दाला दोन गोष्टी हव्यात: कडेचा आधार शाबूत आणि मधल्या भागावर भार. पलंगाची जाळी, कपडे वाळत घालायची दोरी, वासे म्हातारे झालेले छप्पर, पुस्तकांनी भरलेली लांब फळी, विजेची तार. आधार सुटून वस्तू खाली आली तर इंग्रजी माणूस तिला सॅग म्हणणार नाही. टोके जागेवर असली पाहिजेत.

मराठीत ह्याला नेमका शब्द आहे, झोळ. दोरीला झोळ पडतो, मांडवाच्या कापडाला झोळ पडतो. तुळई किंवा फळी कडक असल्याने तिला मात्र झोळ न म्हणता बाक म्हणतात. इंग्रजीत दोन्हीला सॅग चालतो. लवचीक वस्तू आणि कडक वस्तू ह्यांतला हा भेद मराठी सुतार बोलण्यातच पाळतो, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे, कारण दोरी नुसत्या ताणावर तोलली जाते, तर तुळईत वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो.

दोरीचा झोळ नेमका कोणत्या आकाराचा, हा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना अर्धशतकभर पुरला. १६३८ च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने टांगलेल्या साखळीची तुलना अन्वस्ताशी, म्हणजे पॅराबोलाशी केली. साखळी अन्वस्ताच्या जवळ जाते, पण ती अन्वस्त नाही. १६९० मध्ये याकोब बेर्नुली ह्याने हे कोडे जाहीरपणे पुढे ठेवले, आणि १६९१ मध्ये लाइब्निट्स, हायगेन्स आणि योहान बेर्नुली ह्या तिघांची उत्तरे आली. ह्या वक्राला मिळालेले कॅटेनरी हे नाव साखळीच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. हाच आकार उलटा केला की नुसत्या दाबावर उभी राहणारी कमान मिळते, हे रॉबर्ट हूकने १६७५ मध्येच ओळखून कूट अक्षरांत नोंदवून ठेवले होते. लोंबणे आणि उभे राहणे ह्या एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत, हे त्याला सर्वांत आधी दिसले.

विजेच्या वाहिन्यांच्या कामात सॅग ही मोजायची राशी आहे. झोळ उथळ असेल तर सूत्र सोपे होते: तारेचे दर मीटरचे वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले तारेतल्या ताणाची आठपट. दोन मनोऱ्यांत ३०० मीटर अंतर, तारेचे वजन मीटरला १० न्यूटन आणि ताण २०,००० न्यूटन धरला, तर मध्यावर झोळ सुमारे ५.६ मीटर येतो. अंतर दुप्पट केले आणि ताण तोच ठेवला तर झोळ चौपट.

ह्याच उदाहरणात आणखी एक हिशेब करून पाहावा. इतका खोल झोळ पडूनही तारेची लांबी सरळ अंतरापेक्षा फक्त २८ सेंटिमीटरने जास्त असते. म्हणजे उन्हाने आणि विजेच्या प्रवाहाने तापून तार आणखी १० सेंटिमीटर लांबली, तर झोळ जवळजवळ ९० सेंटिमीटरने वाढतो. लांबीतला लहानसा बदल उंचीत नऊपटीने दिसतो. उन्हाळ्यात तारा खाली आल्यासारख्या वाटतात ते ह्यामुळे, आणि हिवाळ्यात तारा ओढायच्या झाल्या तर मे महिन्याचा झोळ आधी मोजून ठेवावा लागतो तोही ह्यामुळेच.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची एक वाहिनी झाडाला टेकून बंद पडली. पुढच्या पाऊणएक तासात तशाच आणखी दोन गेल्या. त्यांचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला, त्या तापल्या, आणि अखेर अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. चौकशीत आढळले की ह्या तिन्ही तारांवरचा भार त्यांच्या मान्य क्षमतेच्या आतच होता. त्यांचा झोळ अपेक्षित होता तेवढाच होता, खालची झाडे मात्र कापलेली नव्हती. मला ह्या घटनेत शब्दाच्या दृष्टीनेही अर्थ दिसतो. सॅग हा दोषवाचक शब्द नाही. प्रत्येक तारेला झोळ असतोच, तो नसेल तर तार तुटेल. दोष असतो तो झोळासाठी जागा न ठेवण्यात. ‘सॅगिंग’ दिसले की ‘धोकादायक लोंबकळणाऱ्या’ असे सरसकट करणारे भाषांतर हा फरक पुसून टाकते.

जहाजबांधणीत ह्या शब्दाला विरुद्धार्थी जोडीदार आहे, आणि तो दुसरीकडे क्वचितच भेटतो. लांब जहाजाच्या दोन्ही टोकांखाली लाटांचे माथे आले आणि मधोमध खळगा आला की जहाजाचा मध्य खाली दबतो, तो सॅग. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोके खाली येतात आणि पाठ फुगते, तो हॉग, डुकराच्या पाठीच्या बाकावरून. जुनी लाकडी जहाजे बंदरात नुसती उभी राहूनही हॉग होत, कारण निमुळत्या टोकांखाली पाण्याची उचल कमी आणि वजन तितकेच. सॅगमध्ये जहाजाचा तळ ताणला जातो, हॉगमध्ये वरची डेक. तडा कुठे शोधायचा हे शब्दानेच ठरते.

आतले पाणी

वनस्पतींकडे आलो की आधाराची जागा बदलते. फांदीला लाकूड असते, पण कोवळे पान आणि रोपाचा शेंडा पाण्याच्या दाबावर ताठ असतात. पेशीच्या आतले पाणी भिंतीवर दाब देते. हा दाब अनेकदा ५ वातावरणांच्या घरात असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. मुळांनी दिलेल्या पाण्यापेक्षा पानांतून उडालेले पाणी वाढले की दाब उतरतो आणि पान आपल्याच वजनाने खाली येते. ह्याला विल्ट म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस बोलीतून वर आलेला हा शब्द जुन्या ‘वेल्क’चे रूप मानला जातो, आणि जर्मनमध्ये तोच शब्द आजही कोमेजण्यासाठी वापरतात. विल्टमध्ये पोत बदलतो, ही त्याची खूण. टोके कुठेही असोत, बाहेरचा भार असो वा नसो, वस्तू आतून रिकामी झालेली असते.

मराठी शेतकऱ्याकडे ह्याच्या पायऱ्या आहेत. दुपारी भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या पानांनी माना टाकल्या आणि ऊन उतरल्यावर त्या पुन्हा उठल्या, तर कुणी घाबरत नाही. सकाळीही पीक मलूल दिसले की पाणी द्यायची वेळ झाली. पुढची पायरी सुकण्याची, त्यापुढची वाळण्याची. विज्ञानाने हीच पायरी आकड्यात बांधली. १९१२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ ह्यांनी दाखवून दिले की जमिनीतला ओलावा एका मर्यादेखाली गेला की झाड रात्रभर दमट हवेत ठेवले तरी उठत नाही. पुढे ही मर्यादा उणे १.५ मेगापास्कल अशी ठरली, आणि तिच्या मोजणीसाठी सूर्यफुलाचे रोप प्रमाण म्हणून वापरले गेले. हा बिंदू गाठला म्हणून जमीन कोरडी असते असे नाही. काळ्या भारी जमिनीत तेव्हाही बरेच पाणी असते. चिकणमातीच्या कणांनी ते इतके घट्ट धरून ठेवलेले असते की मूळ ते ओढू शकत नाही. रेताड जमिनीत त्या बिंदूला पाणी जवळजवळ संपलेले असते.

आता विल्टचा दुसरा उपयोग पाहावा, कारण इथे चुकीच्या प्रतिशब्दाने खरे नुकसान होते. वनस्पतिरोगशास्त्रात विल्ट हे रोगांच्या एका गटाचे नाव आहे. तुरीवरचा असा रोग घडवणाऱ्या बुरशीला ई. जे. बटलर ह्याने १९१० मध्ये फ्युजेरियम उडम हे नाव दिले. ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या चोंदवते. जमिनीत वाफसा आहे, ओल आहे, आणि तरी झाड उन्हात सापडल्यासारखे मान टाकते. बुडापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो, आणि साल सोलून पाहिली तर आत काळपट तपकिरी रेघा असतात. मराठीत ह्या रोगाला ‘मर’ म्हणतात. इंग्रजीने दिसणाऱ्या लक्षणाला नाव दिले, मराठीने परिणामाला, आणि माझ्या मते शेतीसाठी मराठी नाव अधिक उपयोगाचे आहे, कारण ते सावध करते. ‘विल्ट’ वाचून एखाद्याने माहितीपत्रकात ‘सुकणे’ लिहिले, तर वाचणारा पाणी सोडेल. मर लागलेल्या तुरीला पाण्याने काहीही फरक पडत नाही. तिच्यावर उपाय पेरणीपूर्वीच करावा लागतो: बीजप्रक्रिया, फेरपालट आणि बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ सारखा मर आणि वांझ ह्या दोन्ही रोगांना तोंड देणारा वाण.

केळीतला पनामा रोग ह्याच कुळातला. फ्युजेरियमच्याच एका प्रकाराने मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवल्या आणि जगाच्या बाजारात त्यांची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावात आज मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ग्रँड नैन ही त्याच गटातली.

ड्रूप म्हणजे विल्ट नव्हे

ड्रूप हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ मान खाली घालणे असा होता. थेंब पडण्याच्या इंग्रजी शब्दांशी त्याचे जवळचे नाते आहे. मूळ अर्थ आजही टिकून आहे: ड्रूपमध्ये वस्तू बुडाशी घट्ट असते आणि तिचे टोक खाली वळते. तिचा पोत बिघडलेला असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक विल्ट झालेले पान ड्रूप झालेले असते, पण उलट खरे नाही.

हे बोटांनी तपासता येते. टोमॅटोच्या वाफ्यात पाणी तुंबले की दोनेक दिवसांत पानांचे देठ खाली वळतात. लांबून पाहणाऱ्याला झाड तहानलेले वाटते. पान दोन बोटांत धरून हलकेच दाबावे. तहानलेले पान कापडासारखे लिबलिबीत लागते आणि दुमडले तरी तसेच राहते. पाणी तुंबलेल्या झाडाचे पान मात्र ताठ असते, बोटाला त्याचा कडकपणा जाणवतो, आणि वळण फक्त देठाशी असते. मुळांना हवा मिळत नसल्याने तिथे तयार झालेला एक पदार्थ वर चढतो, पानांत त्याचे इथिलीन बनते, आणि देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते. वरची बाजू लांब झाली की देठ खाली वाकणारच. ही वाढ आहे, थकवा नाही. वनस्पतिशास्त्र ह्याला एपिनॅस्टी म्हणते, साध्या इंग्रजीत तो ड्रूप. ह्या झाडाला विल्ट समजून पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्यावर आणखी घागर ओतणे.

लाजाळूचे पान ह्या दोहोंच्या मध्ये बसते. स्पर्श होताच देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्याच्या खालच्या अर्ध्यातले पाणी निघून जाते आणि पान खाली येते. दाब उतरला म्हणून ते विल्टसारखे, पण फक्त एका सांध्यात आणि काही मिनिटांत परतणारे, म्हणून इंग्रजी वर्णनात ड्रूप. परत येण्याची क्षमता शब्द ठरवते, ती अशी.

फ्लॅग हे सुकण्याच्या आरंभाचे क्रियापद. सोळाव्या शतकापासून ते सैल फडफडणे, लोंबणे अशा अर्थाने वापरात आहे. झेंड्याशी त्याचे नाते पक्के सांगता येत नाही. आज पानांपेक्षा माणसाच्या उत्साहासाठी ते जास्त वापरले जाते. मराठीत तिथे अवसान गळते, हातपाय गळतात, चेहरा उतरतो. ह्या तिन्ही मराठी प्रयोगांत वेग वेगळा आहे: चेहरा क्षणात उतरतो, हातपाय बातमी ऐकून गळतात. फ्लॅग मात्र हळूहळू घडणारी गोष्ट आहे, दुपारच्या तिसऱ्या तासाला वर्गाचे लक्ष ओसरते तशी.

पोताचे शब्द

लिंप, फ्लॅसिड, फ्लॅबी आणि स्लॅक ही चार विशेषणे थोडक्यात उरकता येतील. स्लॅक ताणाबद्दल बोलते, पोताबद्दल नाही. दोरी उत्तम असूनही स्लॅक असू शकते, ती ओढली की झाले. लॅटिनमधला सैल ह्या अर्थाचा लाक्सुस हा त्याचा नातेवाईक. लिंप म्हणजे स्वतःचा ताठपणा नसलेले: ओले कापड, बेशुद्ध माणसाचा हात. फ्लॅबीमध्ये जास्तीचे मांस आणि हलणे दोन्ही येतात, आणि त्यात नापसंतीही आहे. फ्लॅसिड लॅटिनमधून आलेला, वैद्यकात रुळलेला शब्द. स्नायूंत ताण उरला नाही, प्रतिक्षेप गेले, असा पक्षाघात तो फ्लॅसिड. मराठीत ह्यासाठी लुळा हा जुना आणि नेमका शब्द आहे. फ्लॅसिडच्याच मुळाशी असलेला फ्लाक्कुस हा शब्द रोमन कवी होरेसच्या पूर्ण नावात आहे, आणि कुणा पूर्वजाच्या लोंबत्या कानांवरून तो घराण्याला चिकटला असावा असे मानतात.

स्लंप ह्यांच्यापेक्षा वेगळा. त्यात वस्तू एकाएकी आपल्याच बुडावर बसते. खुर्चीत अंग टाकणारा माणूस, बाजारभाव, पावसाने खाली सरकलेला डोंगराचा उतार, सगळ्यांना हा शब्द लागतो. त्याचे सर्वांत काटेकोर रूप बांधकामावर दिसते. ३० सेंटिमीटर उंच, खाली २० आणि वर १० सेंटिमीटर व्यासाचा दोन्हीकडे उघडा पत्र्याचा शंकू घेतात. त्यात ताजे काँक्रीट थराथराने भरून प्रत्येक थराला सळईने २५ वेळा कोचतात, वरचा भाग सपाट करतात आणि शंकू सरळ वर उचलतात. आधार गेला की काँक्रीट बसते. उरलेली उंची मूळ उंचीतून वजा केली की मिलिमीटरमध्ये स्लंप मिळतो. तो सगळीकडून सारखा बसला तर मिश्रण ठीक. एका बाजूने घसरून कापला गेला तर चिकटपणा कमी. पार पसरला तर पाणी जास्त. साइटवर मराठी बोलणारे मिस्त्रीही ‘स्लंप किती आला’ असेच विचारतात आणि त्याला दुसरा शब्द शोधण्याची गरज मला दिसत नाही.

टांगलेल्या शब्दांचे कुळ

लॅटिनमध्ये लोंबणे आणि वजन करणे ह्यांची क्रियापदे एकाच मुळाची. तराजूत वस्तू टांगूनच तोलतात, आणि नाणे रुळण्यापूर्वी धातू तोलूनच मोबदला देत. म्हणून पेंड्युलमच्या घराण्यात पेन्शन आणि एक्स्पेन्सही येऊन बसले. आपल्याकडे संस्कृतातल्या ‘लम्ब्’ धातूने जवळजवळ तोच संसार मांडला आहे. पेंड्युलम तो लंबक. डिपेंड म्हणजे अवलंबून असणे. पेंडिंग खटला तो प्रलंबित. सस्पेंड झालेला कर्मचारी तो निलंबित. पर्पेंडिक्युलर रेषा ती लंब, आणि तिच्या लॅटिन मुळाशी गवंड्याचा ओळंबाच आहे. मराठीतला ओळंबाही त्याच धातूचा. ह्यांतले निलंबनासारखे कार्यालयीन शब्द इंग्रजी संज्ञा समोर ठेवून घडवलेले आहेत. अवलंब आणि विलंब मात्र जुने. दोन भाषांनी स्वतंत्रपणे हेच रूपक निवडले, कारण टांगलेल्या वस्तूचे दोन गुण कुणाच्याही डोळ्यांत भरतात: ती दुसऱ्याच्या आधारावर आहे आणि तिचा निकाल लागलेला नाही.

हँग आणि डँगल ह्यांतला फरक हालचालीचा आहे. डँगलमध्ये खालचे टोक मोकळे असून हलते. मराठीतले लोंबणे हँगच्या जवळ आहे, पण लोंबकळणे ह्या शब्दाला एक धार आहे आणि ती दोन्ही इंग्रजी शब्दांत नाही. लोकलच्या दाराला लोंबकळणारा प्रवासी स्वतःच्या मुठीच्या जोरावर टिकलेला असतो. त्याचा आधार दांड्यात नाही, पकडीत आहे. इंग्रजीत हे सांगायला दुसरी क्रियापदे जोडावी लागतात. आणि एक सूचना: हँगडॉग ह्या विशेषणाचा लोंबण्याशी संबंध नाही. कुत्र्यांना फासावर देण्याच्याच लायकीचा, असा तो मूळ तिरस्काराचा शब्द आहे, आणि आज तो अपराधी, पडलेल्या चेहऱ्यासाठी वापरतात.

वैद्यकाने ग्रीक आणि लॅटिन दोन्हींकडून घेतले. टोसिस म्हणजे पडणे, आणि तोच ग्रीक शब्द व्याकरणात विभक्तीसाठीही वापरत. वरची पापणी खाली येणे ही टोसिस. पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याची नस दुबळी झाली की ती होते, आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस ह्या आजारात सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळपर्यंत उतरत जाते. मनगट किंवा पाऊल उचलता न येण्याला इंग्रजी डॉक्टर सरळ ड्रॉप म्हणतो, सॅग कधीच नाही, कारण तिथे भार वाढलेला नसतो, उचलणारी नस गेलेली असते. प्रोलॅप्समध्ये अवयव जागेवरून घसरतो. बायका ह्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात आणि डॉक्टरने तेच शब्द वापरावेत, म्हणजे दुखणे लपवले जात नाही.

ध्वनीबद्दल एवढेच. फ्लॅग, फ्लॅप, फ्लॉप, फ्लॅबी किंवा स्लॅक, स्लंप, स्लाउच ह्यांच्या आरंभीचे सारखे आवाज लक्षात घेऊन जे. आर. फर्थ ह्याने १९३० मध्ये अशा अर्थवाही ध्वनिगटांना स्वतंत्र नाव दिले. मराठीत लोंबणे, लटकणे, लोळणे, लवणे, लुळा, लिबलिबीत ही ‘ल’ची रांग आहेच. पण ह्यावर सिद्धांत उभारू नये. फ्लॅसिड लॅटिनमधून येऊन त्या रांगेत योगायोगाने उभा राहिला, आणि फ्लिंट म्हणजे गारगोटीही ‘फ्ल’नेच सुरू होते.

जन्मजात लोंबते

आतापर्यंतच्या सगळ्या शब्दांत वस्तू आधी वर होती. एक गट ह्याला अपवाद आहे. पेंड्युलस, वीपिंग, लॉप हे शब्द अशा रूपांना लागतात जी मुळातच खाली वाढतात. सोसायट्यांच्या कुंपणाशी लावलेल्या उंच, निमुळत्या खोट्या अशोकाच्या वाणाच्या नावात पेंड्युला आहे ते त्याच्या खाली वळलेल्या फांद्यांमुळे. युरोपातल्या वीपिंग विलोला लिनीयसने बॅबिलोनचे नाव दिले ते बायबलमधल्या उल्लेखावरून. झाड खरे चीनमधले. अशा झाडाला ड्रूपिंग म्हणता येते, पण विल्टिंग किंवा सॅगिंग म्हटले तर माळी पाणी घालायला किंवा टेकू द्यायला धावेल.

प्राण्यांच्या कानांत हा प्रश्न अधिक खोल जातो. पाळीव प्राण्यांत कुठे ना कुठे लोंबत्या कानांची जात सापडतेच, हे डार्विनने १८५९ मध्ये नोंदवले. धोक्याची चाहूल घ्यायची गरज कमी झाल्याने कानाचे स्नायू वापराविना दुबळे झाले असावेत, हे मत त्याला पटण्याजोगे वाटले. १९५९ पासून नोवोसिबिर्स्कजवळ बेल्यायेव्ह ह्या संशोधकाने केवळ माणसाळलेपणा पाहून कोल्हे निवडले, आणि काही पिढ्यांत त्यांच्यातल्या काहींचे कान मऊ आणि पडके निघाले. २०१४ मध्ये विल्किन्स, रँगहॅम आणि फिच ह्यांनी वेगळी उपपत्ती मांडली: माणसाळलेल्या प्राण्यांत गर्भावस्थेतल्या एका विशिष्ट पेशीगटाची संख्या किंवा हालचाल कमी होते, आणि कानाची कूर्चा त्याच पेशींतून घडत असल्याने ती दुबळी राहते. उपपत्ती वादाची आहे. पण ती खरी ठरली तर इथेही ‘कशाने उभे होते’ हाच प्रश्न लागू पडतो, फक्त उत्तर त्या प्राण्याच्या आयुष्यात नसून त्याच्या वंशात आहे.

गीर गाईचे लांब, पानासारखे दुमडलेले कान इंग्रजी जातिवर्णनात पेंड्युलस असतात. तेच लक्षण पाहून खरेदी होते. पशुवैद्याच्या टिपणात मात्र इयर ड्रूप हे वासराच्या मधल्या कानाच्या संसर्गाचे चिन्ह आहे. ताठ कानांच्या जातीत पडलेला कान लांबूनच दिसतो. गीरच्या वासरात दोन्ही कान खालीच असल्याने एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त खाली आहे का, तो हलवता येतो का, मान एका बाजूला कलते आहे का, हे समोर उभे राहून पाहावे लागते.